राखणीची पाळी

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आईला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जंगल नसेल अशा ठिकाणी चार दिवस घेऊन जा." मी मूल गावच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हे काम आपल्याशिवाय कोणाला जमणार, असं मला वाटलं. जंगल नको म्हणजे समुद्र. बल्लारशावरून गाडी मिळते म्हणून विशाखापट्टणम ठरवलं. नकाशात शहराच्या मागे बराच हिरवा रंग होता. तो मला दिसलाही होता. मुलांना मी दरवर्षी हिरव्या रंगाचा अर्थ शिकवते, तरी.

दिवाळीच्या सुट्टीत, जड, म्हणजे उशिरा पिकणारं, धान कापणीला यायच्या आधी आम्ही तिघं निघालो. आई, बाबा आणि मी. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर मी मोठ्या कौतुकानं पडदा सारला, तर समोर डोंगर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडी. आईनं एकदा पाहिलं, पडदा ओढून घेतला आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

"समुद्र कुठी हाये?" बाबांनी विचारलं.

"हॉटेलच्या मागच्या बाजूला."

"आन् आपण?"

"आपण पुढच्या बाजूला."

बाबांनी मान हलवली. नोकरीभर वनमजूर होते, साहेबांच्या चुकांवर बोलायचं नाही ही सवय त्यांना आहे.

आईचं दुखणं सांगते. पोंभुर्ण्याकडे आमचं गाव आहे. उन्हाळा लागला की बाया पहाटे मोहा वेचायला जंगलात जातात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून बाया जोडीनं जातात. एक वाकून फुलं वेचते आणि दुसरी तिच्या मागे झुडपांकडे तोंड करून ताठ उभी राहते, काठीनं खोडावर ठोकत, मधूनमधून आवाज देत. काही वेळानं पाळी बदलायची. आई आणि तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकू, लग्न होऊन आल्यापासून याच जोडीनं जात होत्या. गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी वेचायला आधी काकू वाकली होती आणि उभं राहायची पाळी आईची होती. वाघ आला. आईच्या किंकाळीनं शेजारच्या झाडांखालची माणसं धावली, म्हणून काकू वाचली. उजवा खांदा मात्र कामातून गेला. तिला आता स्वतःची वेणी घालता येत नाही. पंचनाम्याच्या वेळी आईनं सांगितलं, मी उभीच होते, तो कुठून आला ते दिसलंच नाही. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि आईनं सही केली.

तेव्हापासून आई अंगणाच्या पलीकडे जाईना. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेली नाही. परसातली वांगी तोडायलासुद्धा वाकेना. काकूचं घर कुडाच्या भिंतीपलीकडे, पण सहा महिन्यांत तिच्या दारात आईनं पाय ठेवला नाही. काकूकडून कालवणाची वाटी यायची, रिकामी वाटी बाबांच्या हातून परत जायची. वाघाचं भेव बसलं, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. यंदा धान कापायला उतरली नाही तर ही बाई पुन्हा कधी शेतात जायची नाही, या भीतीनं मला झोप येत नव्हती. रोवणीत पंचवीस बायांच्या पुढे असणारी माझी आई खाटेवर बसून म्हातारी होणार, हे मला सहन होण्यातलं नव्हतं. म्हणून मी तीन दिवसांचा कार्यक्रम कागदावर उतरवून आणला होता.

पहिल्या दिवशी किनारा. आई आली, कारण मी रागावले. वाळूवर पोचल्यावर मात्र ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली.

"अवं, समुद्र तिकडं हाये," बाबा म्हणाले.

"तिकडून काय येनार हाये?" आई म्हणाली आणि रस्त्यापलीकडच्या झाडांवर नजर ठेवून राहिली.

थोड्या वेळानं बाबाही तिच्या शेजारी तसेच वळून उभे राहिले. मग एकटी मी वेगळी कशाला दिसू? हजारभर माणसं समुद्र पाहत होती आणि आम्ही तिघं रस्ता. मक्याची कणसं भाजणाऱ्या माणसाला वाटलं, आम्ही त्याच्याचकडे पाहतोय. त्यानं न विचारता तीन कणसं भाजली. आम्ही ती खाल्ली.

दुपारी पाणबुडी पाहिली. किनाऱ्यावर एक खरी पाणबुडी आणून ठेवली आहे, आत शिरून बघता येते. आईला शहरातली हीच एक गोष्ट आवडली. खिडकी नाही, झुडूप नाही. आत वाकून चालावं लागतं, पण मागून येणारा तिकीट काढूनच येतो. "अजून एकडाव जाऊ," ती म्हणाली. आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तिथला माणूस आम्हाला माहिती सांगेनासा झाला.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर टेकडी होती. रोपवेच्या झुलत्या पाळण्यात बसून वर जायचं, वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर पाहायचे. डोंगराचा भाग मी आईला सांगितला नाही. पाळण्यात तिनं डोळे मिटून घेतले होते. वर बाग होती, कापलेलं गवत, बाकं, पोरांची छोटी रेल्वे. आई पहिल्याच बाकावर बसली आणि म्हणाली, "तुमी पाहून या." मला इतका संताप आला की मी खरंच निघाले. समुद्र पाहायचा, फोटो काढायचा, शाळेत सांगायचं, झालं.

वीस पावलं गेले असेन. मागून आवाज आला, "होऽऽ! होऽऽ!" तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा आहे. वळून पाहिलं तर आई बाकावर नव्हती.

बागेच्या कडेला, जिथं कापलेलं गवत संपून झाडोरा सुरू होत होता, तिथं चाफ्याखाली एक तरुण बाई वाकून पडलेली फुलं वेचत होती. एकटी. नवरा लांब उभा राहून फोनवर बोलत होता. आई त्या बाईच्या मागे जाऊन उभी होती, पाठीला पाठ लावून, झाडोऱ्याकडे तोंड करून. कुठून तरी तिनं एक वाळकी फांदी मिळवली होती आणि ती चाफ्याच्या खोडावर आपटत होती. बाई दचकून उभी राहिली. आईनं मागे न पाहताच हातानं खूण केली, वेच, वेच.

आजूबाजूची माणसं थांबली. मला आईची लाज वाटली. हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते, पण वाटली होती. मी तिला तिथून ओढून आणायला निघाले, तेवढ्यात बाबा पुढे झाले. सिरोंच्याच्या बाजूला पुष्कळ वर्षं काढल्यामुळे त्यांना तेलुगू येतं. त्यांनी त्या बाईला सगळं शांतपणे समजावलं, मोहा, वाघ, पाळी, काकूचा खांदा. गावाकडे बस किती वाजता आहे हे सांगावं, तसं सांगितलं. बाई हसली नाही. ओंजळीत फुलं धरून तिनं ऐकून घेतलं आणि मग एक प्रश्न विचारला.

"थे विचारून राह्यली," बाबा आईला म्हणाले, "त्या दिशी उभं कोन होतं?"

सहा महिन्यांत हे आईला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत होतं, पंचनाम्यात लिहिलेलं होतं.

"मी," आई म्हणाली. फांदी थांबली. "माही पाळी होती. पन उभी नव्हती मी. फुलं लय पडली होती. मनलं दोन मुठी उचलतो, का होते. मीबी वाकली."

 बाबांनी तेही तेलुगूत सांगितलं, कारण बाईनं विचारलं होतं आणि ती वाट पाहत होती. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. त्याचं बाबांनी मराठी केलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी भूगोल, डॉक्टर, नकाशा आणि कार्यक्रमाचा कागद घेऊन फिरत होते, आणि आईला वाघाचं भय नव्हतंच. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

आम्ही बाकावर येऊन बसलो. आईनं माझ्यापुढे हात केला. "काकूले फोन लाव."

आमच्या घरात फोन कानाला लावत नाहीत, तोंडासमोर धरून मोठ्यानं बोलतात. त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मी बोलून राह्यली," आई म्हणाली. "त्या दिशी मी उभी नव्हती वं. मीबी वाकून मोहा वेचत होती. मी खोटं सांगतलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

"मले मालूम हाये, बाई," काकू म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? मले खाटेवर टाकून नेत होते तवा तुमची टोपली बाजूलेच होती. माह्यापेक्षा भरून होती."

 बाबा समुद्राकडे पाहू लागले.

"मंग तू बोलली काऊन नाई?" आईनं विचारलं.

"तुमी येसान मनून थांबली. रोज वाट पाहून राह्यली," काकू म्हणाली.  "वाघानं खांदा नेला, त्याचं मले एवढं नाई लागलं. तुमी येनंच सोडलं."

फोन बंद झाल्यावर आई पदरानं तोंड पुसत राहिली. मग तिनं मला परतीची गाडी कधीची आहे ते विचारलं.

"परवाची," मी म्हणाले.

"आजची नाई काय?"