लाईट गेला की थांबा

चाकणला कंपनीत मी मशीनचे प्रोग्रॅम लिहिते. तिथला नियम एकच: पहिलं काम पुरं झाल्याचा सिग्नल आला, तरच दुसरं सुरू. नाहीतर कुणाचा तरी हात जायचा. ही शिस्त अंगात इतकी मुरलीये की घरीसुद्धा कुकरची शिट्टी झाल्याशिवाय मी कणीक मळायला घेत नाही.

त्यामुळे आमच्या चिखलीतल्या मंडळाच्या नाटकाची प्रकाशयोजना गळ्यात पडली, तेव्हा मला वाटलं, त्यात काय, बटणंच तर दाबायची. नाटक बंद पडलेल्या कारखान्याचं होतं आणि त्यातल्या कामगाराचं काम माझे बाबा करत होते. ते स्वतः ज्या कारखान्यात कामाला होते, तोही मी शाळेत असताना बंद पडला. त्यावर ते घरात कधी एक शब्द बोलले नव्हते. नाटकाला हो म्हणाले हेच नवल. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढणार होते, आणि तिथे त्यांची फजिती होऊ नये, एवढाच घोर मला लागला होता.

"संवाद पाठ आहेत," ते म्हणाले, "पण सुरू कधी करायचं?"

"तोंडावर लाईट आला की बोला. लाईट गेला की थांबा."

हे त्यांना लगेच पटलं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी चिंचवडच्या नाट्यगृहात तालीम होती. शेवटच्या प्रवेशात तीन गोष्टी एकदम व्हायच्या होत्या. खिडकीतला उजेड मावळायचा, मशीनवरचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा आणि बाबांच्या चेहऱ्यावर प्रकाश यायचा. मी वर दिव्यांच्या कन्सोलवर तिन्ही भरल्या आणि बटण दाबलं. उजेड मावळला, लाल दिवा लुकलुकू लागला आणि बाबा अंधारात. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एकेक करून बघितलं तर तिन्ही ठणठणीत. वायर तपासली, दिवा बदलला, माझं डोकंच चालेना.

"ताई, चेहरा कुठाय राव?" दिग्दर्शक खालून विचारत होता. तो आमच्याच गल्लीतला, माझ्यासारखाच कंपनीवाला.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत की बोलले नाहीत. लाईट आला नव्हता ना.

चहा पिताना उलगडा झाला. सवयीने मी तिन्ही एकामागून एक लावल्या होत्या: लुकलुकणं पुरं झालं की चेहरा. पण लुकलुकणं पुरं होतं कधी? ते आपलं चालूच. मग तिन्ही एकाच बटणावर आणल्या, कुणी कुणासाठी थांबायचं नाही अशा. सगळं एकदम जागं झालं तेव्हा बरं वाटण्याऐवजी मला भीतीच वाटली.

संध्याकाळी प्रयोगात सगळं ठरल्यासारखं झालं. बाबा शेवटचं वाक्य बोलले, "उद्यापासून येऊ नका म्हणाले." आता मी अंधार करायचा. बोट बटणावर होतं, पण मनात गोंधळ उडाला. अंधार केला तर लाल दिवा थांबेल, की एकटाच लुकलुकत राहील? ते बघायचं राहूनच गेलं होतं. मी थबकले, आणि बाबा पुढे बोलायला लागले.

"घरी सांगितलंच नाही. पोरगी सकाळी डबा हातात द्यायची. तो घेऊन कासारवाडी स्टेशनवर बसून राहायचो. संध्याकाळी रिकामा डबा घरी न्यायचो. तिला वाटायचं, बाप कामावरून आला."

हे नाटकात नव्हतं. दिग्दर्शक विंगेत पानं उलटत होता. डबा मी द्यायचे. भाजी कशी झाली होती म्हणून संध्याकाळी विचारायचेसुद्धा, आणि बाबा म्हणायचे, सगळ्यांनी वाटून खाल्ली. मला रडू फुटलं आणि समोरचं एकही बटण ओळखू येईना. शेवटी चाचपडत सगळ्या दिव्यांची मिळून असलेली मोठी पट्टी सापडली, ती हातानेच खाली ओढली. सगळे दिवे हळूहळू विझले, लालसुद्धा.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी विचारलं, "बाबा, ते पुढचं का बोललात?"

ते बुचकळ्यात पडले.

"लाईट गेला की थांबा म्हणालीस," ते म्हणाले. "गेलाच नाही."