आधी पाय

"तोंड नंतर बघू. आधी पाय."

पेशंट आत आला की आमचे सर्जन हेच म्हणायचे. रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करायला ते लातूरहून नांदेडला आमच्या दवाखान्यात येत. मी तिथली सिस्टर. साठीचा हा माणूस वाकून पायांना हात लावी, आणि पेशंट चटका बसल्यासारखे पाय आखडून घेत. तुम्हीही घेतले असते.

मुखेडची ती शेतकरीण तर मागेच सरली. डाव्या पायाची बोटं निळी पडलेली, बसलं की कुल्ल्यात ठणका.

"नगं डागदर, पाप लागंल मला."

"लागू द्या मला. पाय इकडं."

त्यांनी जांघेत बोटं ठेवली, मग गुडघ्यामागे, मग पावलावर. पुन्हा जांघेत.

"सिस्टर, वर नाडी लागत नाही, खाली लागते. रक्त येतंय कुठून?"

स्कॅनमध्ये दिसलं. आईच्या पोटात असताना पायाचं रक्त कुल्ल्यातल्या धमनीतून येतं. पुढे जांघेतली धमनी वाढते आणि मागची विरून जाते. हिची जांघेतली वाढली नव्हती आणि मागची विरलीच नव्हती. बाई जन्मभर त्या धमनीवर बसत आली होती. तिथे फुगा झाला होता आणि त्यातल्या गुठळ्या बोटांपर्यंत उतरत होत्या. घरी मात्र कंबरेची शीर म्हणून शेक आणि मालिश.

दाबलं की गुठळ्या खाली सरकतात, म्हणून मालिश बंद, असं मी दोनदा बजावलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात गेले, तर सासू सुनेला पालथं घालून जोर लावून तेल चोळत होती.

"शेवटचंच चोळून राहिले माय. मग तुमच्याच हाती हाय ती."

मी पावलाला हात लावला. गार. नाडी लागेना.

मी म्हातारीवर ओरडले. सर धावत आले. "तिला नंतर रागवा. आधी पाय."

तिला लगेच थिएटरमध्ये घेतलं. गुडघ्यामागून गुठळी ओढून काढली. त्याच वाटेने फुग्याच्या आत अस्तराची नळी बसवली, म्हणजे रक्त नळीतून जाईल आणि फुगा बंद पडेल. आम्ही सगळे एक्स-रेच्या पडद्याकडे बघत होतो, सर तळव्याकडे. तळवा पांढराफटक.

"सिस्टर, बघा."

मी घोट्यामागे बोटं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मग बोटाखाली बारीक उडालं. परत उडालं.

"आहे," मी म्हणाले. ते नुसते हुं म्हणाले.

दोन बोटं गेली. पाय राहिला.

सर मागच्या वर्षी वारले. नवे डॉक्टर हुशार आहेत, पण आधी कॉम्प्युटर बघतात. परवा मुखेडची बाई तपासणीला आली. "काय त्रास?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

तिने चप्पल काढली, डावा पाय उचलून त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगा की ह्यांना, बाई."