घराण्यातली ती बाई

गोळ्यांचं पाकीट देवघरात ठेवलेलं होतं, कापराच्या डबीला टेकवून. तिथंच माझं डोकं फिरलं. औषधाला घरात दुसरी जागा नव्हती असं नाही. फ्रिजवर माझ्या रक्तदाबाच्या आणि मुलाच्या हृदयाच्या गोळ्यांचा अख्खा डबा आहे. पण ही गोळी देवाची. महालक्ष्म्या बसायच्या तीन दिवस आधी सुरू करायची, म्हणजे नातीची पाळी पुढे ढकलली जाते आणि घराचं सोवळं शाबूत राहतं.

गेल्या वर्षीही नातीनं ती घेतली होती. महालक्ष्म्या उठल्या आणि ही पडली. ओकाऱ्या झाल्या, पुढे पंधरा दिवस रक्त थांबेना, कॉलेजची परीक्षा बुडाली, शेवटी सलाईन लागलं. आपल्या मनानं दुकानातून असल्या गोळ्या आणून पोरीला द्यायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेला चांगलं खडसावून सांगितलं. सुनेनं मान डोलावली. आणि वर्षाच्या आत तेच पाकीट पुन्हा आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये, थेट देवापुढे.

"मी नाही घेत," नात म्हणाली. विशीची पोरगी, उभी राहूनच बोलत होती.

"तीन दिवसाचा तर प्रश्न आहे वं," सून म्हणाली. "वर्षभर काई म्हणते का मी तुले?"

"मग मी तीन दिवस मैत्रिणीकडे जाते."

"घरात लक्ष्म्या अन् घरचीच लक्ष्मी बाहेर? जेवायले येणारे लोक काय म्हणतील?"

"म्हणजे आत राहिली तर पाप, बाहेर गेली तर बदनामी. सही है." मग ती माझ्याकडे वळली. "आजी, तूच सांग. गोळीनं थांबवलं हे देवीले कळत नसंल का? तिले फसवलेलं चालते, अन् खरं सांगितलेलं चालत नाही?"

मी भाजी निवडत होते. अंबाडीची पानं उगाच जोरजोरात खुडत राहिले. राग सुनेचा आला होता हे खरं, पण त्यातला निम्मा माझा मलाच आला होता. कारण त्या देवीला मी गोळीबिळी न घेता फसवलेलं आहे, आणि हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मीही विशीचीच होते. उमरेडजवळच्या गावात सासर, लग्नाला दुसरं वर्ष. बावळट म्हणावी तर मला वाटायचं मी फार हुशार, आणि हुशार म्हणावी तर मी बावळट. त्या वर्षी सासूबाईंचा उजवा हात मोडलेला, गळ्यात अडकवलेला. त्या चुलीपासून चार हातांवर पाटावर बसून हुकूम सोडायच्या आणि सोवळ्यातला सगळा स्वयंपाक एकट्या माझ्यावर. सोळा भाज्या, आंबील, वडे, पुरणपोळ्या. अर्धं गाव जेवायला येणार. आणि जेवणाच्या दिवशी सकाळी, पुरण शिजत असताना, मला कळलं की झालं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी मागच्या पडवीत गेले असते, शेजारच्या दोघीतिघींना बोलावलं असतं, स्वयंपाक उशिरा का होईना झाला असता. पण आदल्या दिवशी सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "सून आली तशी काई कामाची नाही, पण पुरणाले हात चांगला आहे तिचा." दोन वर्षांत ऐकलेलं ते पहिलं कौतुक. ते कौतुक मला भर पंगतीत पुन्हा ऐकायचं होतं. तेव्हा उगाच कुणी माझ्याबद्दल हळहळू नये. मी बंडबिंड काही केलं नव्हतं. पापाची भीती मला भरपूर होती, फक्त वाहवेची भूक तिच्याहून मोठी निघाली. मी न्हाणीत जाऊन कापड घेतलं, परत आले आणि पुरण वाटायला बसले.

नैवेद्य दाखवताना मी दोन्ही मुखवट्यांकडे टक लावून बघत होते. एखादीचा डोळा लवतो का, नथ हलते का. काही नाही. दोघी जशा उभ्या होत्या तशाच उभ्या. पंगतीत म्हातारे बोटं चाटत होते. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! महिन्याभरात आमच्या बैलाला साप डसला. झालं, माझं पाप. दूध नासलं, माझं पाप. दीर परीक्षेत नापास झाला, वर्षभर त्यानं पुस्तक उघडलं नव्हतं तरी माझंच पाप. गावात कुणाला शिंक आली तरी मी दचकायची. पुढं दोन हिवाळ्यांनी मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले. वीस वर्षं त्यांना खोकला होता आणि उशाशी बिडीचा कट्टा. त्यांना बिडीनं नेलं. श्रेय मी घेतलं.

आणि हे सारं धुवायला ऋषिपंचमी. बाईनं नकळत विटाळात शिवाशिव केली असेल तर त्याचं पाप जावं म्हणून हा उपास. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि आघाड्याच्या एकशेआठ काड्यांनी दात घासायचे. इतर बायका काड्यांची जुडी दातांवरून फिरवून मोकळ्या व्हायच्या. मी एकेक काडी मोजून घासायची, कारण बाकीच्यांचं नकळत होतं आणि माझं चांगलं ठरवून. हिरड्या सोलवटून तोंडातून रक्त यायचं. ते रक्त मात्र चालायचं. त्याला कुणी बाहेर बसवत नव्हतं.

बैल मेला त्या दिवशी मी गोठ्यात रडत उभी होते. मामाजी आले. "काहून रडून राहिली वं पोरी?"

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "मामाजी, पाप म्हणजे नेमकं काय असते?"

त्यांनी जराही विचार केला नाही. "तहानलेलं जनावर उन्हात खुट्याले बांधून ठेवणं. बाकी सब बायकाईच्या गोष्टी." आणि गेले खोकत खोकत.

मला ते पटलंच नाही. इतकं साधं पाप असेल तर बादलीभर पाण्यानं मिटून जाईल. मला माझं पाप मोठं हवं होतं, बैल मारणारं, माणसं नेणारं. एवढ्याशा पोरीला एवढा मोठा मान कुठून मिळणार होता दुसरा?

पण हेसुद्धा एक वेळ ठीक होतं. मूर्खपणा माझा होता, दात माझे होते. पुढं जे केलं ते ठीक नव्हतं. सून घरात आली तेव्हा मी तिला पहिल्याच वर्षी समोर बसवून, आवाज खाली करून सांगितलं, "आपल्या घराण्यात एका बाईनं महालक्ष्मीच्या दिवशी लपवलं होतं. वर्षादोनवर्षात घरातला कर्ता गेला. म्हणून आपल्याकडे फार जपतात." ती बाई कोण हे तिनं विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, हेही मीच शिकवलं होतं.

तर, गोळ्यांवरून वाद चालला होता. मी अंबाडी बाजूला सारली आणि सुनेला म्हटलं, "तिले घ्यायची नाही तर नाही घ्यायची. डॉक्टरनं सांगितलं ना? मारतेस का पोरीले?"

सून माझ्यावर उलटली. "आई, तुम्ही मधात नका बोलू. तीन वर्षांखाली हिनं पाळीत लक्ष्म्यांचा हार गुंफला. संध्याकाळी सांगते, मले कळलंच नाही म्हणून. दीड महिन्यात हे कळमन्याच्या बाजारात मालाच्या ढिगाजवळ छाती धरून खाली बसले. दोन स्टेंट पडले. विसरल्या तुम्ही?"

नातीचा चेहरा उतरला. "मम्मी, पप्पाले माझ्यामुळं अटॅक आला असं वाटते तुले?"

"मी तुले दोष नाही देत. तू लहान होती. पण आपल्यामुळं दुसऱ्याले भोगावं लागते त्यालेच पाप म्हणतात. तुले एक गोळी जड होते, अन् मी रोज पहाटे ते गाडी काढतात तेव्हापासून जीव मुठीत धरून बसते, ते कोणाले दिसते? अन् हे मी मनानं नाही बोलून राहिली. आई, तुम्हीच सांगितलं होतं ना, या घरात एका बाईनं लपवलं तर काय झालं ते?"

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प राहिले असते तर सत्तरीच्या बाईचा मान राहिला असता, आणि पोरीनं संध्याकाळपर्यंत रडून, ओरडून का होईना, गोळी गिळली असती. आता तर बापाच्या नावानं गिळली असती. ते मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, ती पाकिटाकडे बघत होती.

"ती बाई मी," मी म्हटलं.

सुनेला कळलंच नाही. "कोण बाई?"

"लपवणारी. मीच होती. अन् तुझे आजेसासरे खोकल्यानं गेले, बिडी प्यायचे ते. माझ्या पुरणानं नाही गेले."

नात एकदम हसली. "आजी! तू? अन् पुरण?"

"चांगलं झालं होतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

मला वाटलं, आता सुनेचा जीव हलका होईल. इथंही मी विशीतलीच बावळट निघाले. सून हसली नाही. तिचा आवाज असा काही चढला की बावीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं. काही होत नाही हे तुम्हाले माहीत होतं."

"माहीत नव्हतं वं, मीही भेत होती—"

"तुम्ही भेत होत्या तर तुम्ही भ्यायचं होतं! मले काहून त्यात घातलं? लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांले माझी आई आली होती गावाले. पहिल्यांदा. मी मागच्या खोलीत. तुम्ही बाहेरून कडी लावली होती, लेकरं आत जाऊन शिवतील म्हणून. आठवते? माझी आई खिडकीतून माझ्याशी बोलली. तिले वाटलं मी सासरी काही केलं म्हणून कोंडलं मले. जाताना रडून गेली. मी दोन वेळा आवाज दिला पाण्यासाठी, पंगतीच्या गोंगाटात कोणाले ऐकू नाही आला."

कडी मला आठवत नव्हती. शपथेवर सांगते, अजिबात आठवत नव्हती. पुरण वाटताना पाट्यावर माशी बसली होती तेही मला आठवतं, आणि ही कडी साफ पुसून गेली होती. ज्या पापानं कुणाचं काही बिघडलं नाही ते मी पन्नास वर्षं दात घासून घासून आठवणीत ठेवलं, आणि जे खरं होतं ते माझ्या हिशेबातही नव्हतं. या बाईचा, म्हणजे माझा, मला इतका संताप आला की समोर सापडली असती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. सापडणार कुठं? ती अंबाडीच्या जुडीशेजारी बसली होती.

सुनेनं पाकीट उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात फेकलं. पटलं म्हणून नाही, रागानं. काहीतरी फेकायचंच होतं तिला, सासूला फेकता येत नव्हतं.

जेवणाच्या दिवशी नातीची पाळी आली. तिनं आईला स्वयंपाकघरात जाऊन सरळ सांगितलं. सून म्हणाली, "गोळी... राहू दे, मी गरम पाण्याची पिशवी देते, पोटाले लाव. दुखत नसंल तर पोळ्या लाट." नात पोळ्या लाटायला बसली. कडा जाड झाल्या, पण फुटल्या नाहीत.

त्या दिवशी सुनेनं कळमन्याला तीनदा फोन लावला. "बरे आहात ना? पाणी प्यायले का? छातीत काही नाही ना?" तिसऱ्या वेळी मुलगा वैतागला असावा, कारण फोन ठेवून ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मी जवळ गेले.

"त्याले काही होत नाही," मी म्हटलं. "अन् झालंच तर पाप माझ्या डोक्यावर."

"तुमच्या डोक्यावर टाकून माझी भीती जाते का, आई?" ती म्हणाली. "घालताना घातली तुम्ही. आता काढून दाखवा."

ती कशी काढतात ते मला येत नाही. उपास करून जात नाही, सांगून टाकूनही गेली नाही. सून हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा देते तो टेबलावर ठेवते, हातात देत नाही. नात म्हणते, होईल ठीक. मी म्हणते, घाई नको करू, तुझ्या आईला रागावू दे. तिच्या रागाला बावीस वर्षं उशीर झाला आहे, आणि तो उशीर मी केलेला आहे.