अनसिंगले जागा नाही का?

या, अशा जवळ सरकून बसा. किती दिवसांनी पाय लागले हो तुमचे? आमचं घर काय चंद्रावर आहे? आलाच आहात, तर शेजारच्या पोराचं ऐका. तुम्हीही त्याला कुठल्यातरी लग्नात पाहिलं असेल. व्हिडिओ शूटिंग करायचा, आणि मध्येच साऱ्या वऱ्हाडाला म्हणायचा, "सगळे वर पाहा. खाली काय ठेवलं?"

लोक बिचारे वर पाहायचे. तेवढंच तो स्वतः काढत असलेल्या सिनेमासाठी टिपून घ्यायचा. परग्रहावरचं यान उतरताना पाहणारी गर्दी फुकटात मिळायची. एका नवरीच्या मामाने विचारलं, वर काय आहे? तर म्हणे, पंखा.

सिनेमा विनोदी होता. परग्रहाचे सिनेमे पाहून येडे झालेले चार दोस्त, आपल्याच गावात, अनसिंगच्या सोयाबीनच्या वावरात यान उतरणार म्हणून वाट पाहत बसतात. मी म्हटलं, बापू, यान तर अमेरिकेतच उतरते ना?

"काहून? अनसिंगले जागा नाही का?"

तो आणि त्याचे तिघं दोस्त खरोखरच तसे होते, नाटक करायची गरजच नव्हती. मला आजी केलं. चहाची किटली घेऊन वावरात जायचं आणि विचारायचं, "आले का रे तुमचे पाव्हणे?" माझं वाक्य एवढंच.

पाण्याच्या प्लास्टिकच्या जारचं तोंड कापून, अंतराळवीराचं हेल्मेट म्हणून डोक्यात घालायचे. एकाचं डोकं अडकलं. मी खोबरेल तेल लावून ओढत होते, आणि हा कॅमेरा सोडायला तयार नाही. "आजी, जरा हळू काढा. लय भारी येऊन राह्यलं."

मग अडकलेला तो पोरगा पुण्याला कंपनीत लागला. गोष्टीत यान कधी येणारच नव्हतं, गंमत तीच होती. पण माणूस कमी पडला, म्हणून याने लिहिलं, त्याला यानानं नेलं. आम्ही हसलो. दुसरा सुरतला गेला, त्यालाही यानानं नेलं. तिसरा गेला तेव्हा हा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"आजी, हा सिनेमा हसायचा होता ना?"

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

शेवटचा एक सीन राहिला होता, त्याचा आणि माझा. पण लग्नवाले आता ड्रोनवाल्यांना बोलवू लागले. कॅमेरा विकून हाही पुण्याला गेला, कुठल्याशा गोडाऊनमध्ये. जाताना म्हणाला, दिवाळीत येतो, मोबाइलवर घेऊ.

दिवाळीत आला. मी सिनेमातलंच लुगडं नेसले, चहा केला, वावरात गेले. सोयाबीन निघालेलं, यान उतरायला ऐसपैस जागा. तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसला होता. मी माझं वाक्य म्हटलं. त्याने मोबाइल काढलाच नाही.

"राहू द्या आजी. कॅमेऱ्यासंगं कार्डबी देऊन टाकले म्या. त्यातच होतं सारं."

मी कपात चहा ओतून दिला. मग विचारलं, ते परग्रहाचे सिनेमे तरी पाहतो का रे?

"झोप येते."

चहा पिऊन, कप खाली ठेवून उठला. त्यानंतरच्या दिवाळीला आला नाही. यंदा त्याची आईही घराला कुलूप लावून तिकडेच गेली.

निघालात? बरं. पण लवकर या पुन्हा. नुसतं बसायला या. या गल्लीत आता हाक मारली, तर ओ द्यायला कोणी नाही.