आबांची परवानगी

डॉक्टर बायकोच्या ऑपरेशनसाठी सही मागत होते आणि मी वडिलांना विचारायला गावी निघून गेलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको धुळ्यात होती आणि मी तिला भेटायला गेलो होतो. दिवस भरायला अजून अवकाश होता. पण त्या सकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. दवाखान्यात प्रेशर बघितल्यावर डॉक्टरांचा आवाजच बदलला. "झटके आले तर आई-बाळ दोघांचं सांगता येणार नाही. सिझेरियन लगेच करावं लागेल. तुम्ही सही करा, मी तयारीला लागतो."

मी म्हणालो, "आलोच."

आमच्या घरची रीत अशी की कापूस कधी विकायचा, गोऱ्हा कुठला घ्यायचा, माझ्या शर्टाला कापड कोणतं, सगळं आबांना विचारून. मग पोटावर सुरी चालवायची तर? गावातल्या एकुलत्या एका फोनवर कॉल लागेना. स्टँडवर आमच्या गावच्या फाट्यावरून जाणारी अमळनेरची एसटी उभी होती. बसलो. वाटेत आपण फार जबाबदार गृहस्थ आहोत असं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

आबा शेतात, कापूस वेचणाऱ्या बायांपाशी उभे होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"मी काय डाक्टर शे का?" आबा ओरडले. "बायकोले दवाखानामा सोडीसन तू आठे काय करी राहिना?"

बाया वेचणी सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. आबांनी दंडाला धरून मला फाट्यावर आणून सोडलं. परतीची एसटी कापसाच्या गाड्यांमागे रखडली, आणि डॉक्टरांचा 'झटके' हा शब्द मला तेव्हा कुठे नीट ऐकू आला.

पोहोचलो तेव्हा मुलगी झाली होती. मूठभर, दिव्याच्या उबेत ठेवलेली. डॉक्टर माझ्यासाठी थांबले नव्हते. सही बायकोनेच केली होती, नीट दिसत नसताना, सासूबाईंनी बोट ठेवलं त्या जागी. सासूबाईंनी मला चहासुद्धा विचारला नाही. जावयाला याहून मोठी शिक्षा आमच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोचं प्रेशर जरा उतरलं, ती बोलू लागली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "आबांची काही हरकत नाही बरं का."

तिने उशीवरून मान माझ्याकडे वळवली.

"आणि असती तर? पोरीला परत आत घातलं असतंत?"