मागचा दांडा

मिस्त्रींबद्दल मी लिहावं इतकं मला त्यांच्याविषयी ठाऊक नाही. अकरा वर्षं एका शेडमध्ये काढली, पण त्यांचं घर मी पाहिलं नाही. मी शर्यतीच्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा भरायचो, ते गाडीची पुढची-मागची पकड जुळवायचे. एका जागी बसलेले आठवत नाहीत. चहा उभ्यानेच, मग गाडीभोवती चार फेऱ्या, शेपटावर तळहात दाबून बघायचं, की पुन्हा फेऱ्या.

अकराव्या वर्षी गाडी चालवायला त्यांची मुलगीच आली. मालकाने बजावलं होतं, शनिवारच्या चाचणीत ठरलेली वेळ गाठली नाही तर गाडी दुसऱ्याला देईन.

सकाळभर ती त्या वेळेच्या मागेच पडत होती. हेल्मेट काढून म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग कितीही पिळा, नाक आपलं सरळच! गाडी आहे की रेडा?"

"टायर तापले नाहीत अजून."

तिने माझ्याकडे पाहिलं. टायर चांगले तापले होते, मीच तपासले होते. मी हवेची नळी गुंडाळायला घेतली.

ती पाणी प्यायला गेली तेव्हा कसंबसं म्हणालो, "मिस्त्री, तो मागचा दांडा..."

मागच्या दोन चाकांना जोडणारा हा दांडा सैल ठेवला की शेपूट गप्प राहतं, पण नाक वळत नाही. कडक केला की नाक वळतं आणि शेपूट निसटायला बघतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यांनी तो केव्हाच कडक केला असता.

"तुम्हाला मुलगी आहे?" ते खेकसले.

"नाही."

"मग हवा भरा."

मिस्त्रींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसरी अर्धी सोडून गाडीखाली शिरले आणि दांडा कडक करून आले.

"आता मागून निसटेल," ते मुलीला म्हणाले. "घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू नकोस."

"अहो बाबा, हे सकाळी नाही का सुचलं?"

ती सुटली तसे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वळणावर टायर किंचाळले.

"गेली?" त्यांनी न वळताच विचारलं.

"शेपूट निसटलं होतं. सावरलं तिने."

वेळ गाठली होती. मिस्त्रींनी दुपारीच मालकाला सांगितलं, "तिच्या गाडीला दुसरा माणूस बघा. मला नाही जमायचं." त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत.

त्या दुपारी ते जाताना फाटकाशी गाठ पडली. मला पुष्कळ बोलायचं होतं.

"टायर उन्हात राहिलेत तुमचे," ते म्हणाले.

"घेतो आत."

"घ्या."