झडतीमावशी आणि खिशातली गुलबक्षी

कापडाच्या कारखान्यात बायकांच्या फाटकावर झडत्या घेण्यात जिचं उभं आयुष्य गेलं, तिला सगळे झडतीमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठ वळली की झडतीमावशी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. पाठीमागे कोण काय म्हणतं हे कळत नसतं, तर तिला त्या फाटकावर उभं केलंच कशाला असतं?

सुटीचा भोंगा झाला की कामगार बायका रांगेनं यायच्या, हात वर करायच्या आणि मावशी खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवायची. कुणी अंबाड्यात दोऱ्याचं रीळ खोवलेलं, कुणी बाहीत लेस गुंडाळलेली. "पोटुशी आहे हो मावशी," असं लाजत सांगणाऱ्या एकीच्या पोटावरून तिनं चांगली लांबलचक मखमल सोडवून घेतली होती. तेव्हापासून माणूस म्हटला की त्यानं काहीतरी लपवलेलं असणारच, असं तिचं ठाम मत झालं. नोकरी संपली, मत राहिलं. भाजीवाल्याच्या तराजूपासून डॉक्टरच्या हसण्यापर्यंत तिला जिथे तिथे पाणी मुरताना दिसायचं.

एकाच माणसावर तिनं कधी संशय घेतला नव्हता, तो म्हणजे नवरा. गल्ली त्यांना काका म्हणायची. काका पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावरही कुठल्या घराची पायरी मोडकी आहे आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. खोटं बोलायला गेले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. अशा माणसाची झडती काय घ्यायची?

आणि मग त्या उन्हाळ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फूल सापडलं.

काका हातपाय धुवायला गेले होते. सदरा खुंटीवर होता. मावशीचा हात सवयीनं खिशावरून फिरला आणि तिथेच थबकला. आत काहीतरी मऊ होतं. तिनं दोन बोटांनी ते बाहेर काढलं. गडद गुलाबी, कोमेजलेली गुलबक्षी! आपल्या दारात तर तुळतुळीत फरशी. मग ही आली कुठून?

दुसरी कुणी असती तर तिनं तिथल्या तिथे नवऱ्याला फैलावर घेतलं असतं. मावशी मुरलेली होती. आधी विचारलं की माल दुसरीकडे जातो, हे तिचं फाटकावरचं शिक्षण. त्यापेक्षा माल गुपचूप काढून घ्यावा आणि माणसाचा चेहरा बघावा. तिनं फूल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि पोळ्या लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी सदरा घातला, खिसा चाचपला, पुन्हा चाचपला. चेहरा एवढासा झाला.

"काही हरवलं का हो?" मावशीनं कणीक मळता मळता विचारलं.

"छे! काय हरवणार?" काका म्हणाले. कानाच्या पाळ्या लालभडक.

खिशातली वस्तू गेली आणि माणूस ओरडत नाही, म्हणजे ती वस्तू सांगण्यासारखी नाही. याला अपवाद तिनं कधी पाहिला नव्हता.

मग ती डोळ्यांत तेल घालून बसली. रोज संध्याकाळी काका "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे आणि रोज खिशात काही ना काही यायचं. कधी झिनियाची पाकळी, कधी सूर्यफुलाची, कधी मोगऱ्याची कळी. डबा भरत चालला. एकदा तर काका उशिरा आले, तेही भलत्याच बाजूनं, बेकरीच्या गल्लीतून. "रस्ता चुकलो," म्हणाले. उभी हयात पत्ते शोधण्यात घालवलेला माणूस स्वतःच्या घरचा रस्ता चुकला म्हणे! मावशीनं वरवर मान डोलावली आणि आतून जळफळली.

शोध फार लांब न्यावा लागला नाही. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या वाचनालयवाल्या बाई, त्याही निवृत्तच. त्यांच्या मागच्या अंगणात उन्हाळ्यात फुलांचा नुसता बाजार भरायचा. मधे कमरेएवढी भिंत, आणि मावशीची कपड्यांची दोरी नेमकी भिंतीला लागून. मावशीनं धुतलेल्या चादरी पुन्हा भिजवल्या, दोरीवर टाकल्या आणि त्यांच्या आडोशाला उभी राहून जिवाचा कान केला.

पलीकडे बाई म्हणत होत्या आणि काका त्यांच्यामागून म्हणत होते:

*उन्हं कलली की उघडते दार,*
*दिवसभर हिचा जीव बेजार;*
*गुलबक्षी बाई, सांग ना खरं,*
*संध्याकाळीच का सुचतं बरं?*

संध्याकाळीच का सुचतं! मावशीच्या हातातला चिमटा गळून पडला. या वयात, फुलाचं नाव पुढे करून, हे धंदे!

आता पुरावा पक्का करायचा, तर शब्द न् शब्द लक्षात ठेवायला हवा. उद्या समोर उभं करून विचारलं तर "असं म्हणालोच नव्हतो" म्हणतील. म्हणून मावशी रोज चादरीआड उभी राहायची आणि घरात येऊन भांडी घासताना ऐकलेलं घोकायची. गुलबक्षीची कविता झाली, सूर्यफुलाची झाली, मोगऱ्याची झाली. त्यात बाईंचं म्हणणं तिला पटेना. एखादं फूल दिवसभर मिटून बसतं आणि नेमकं ऊन उतरताना उघडतं, हे काय बोलणं झालं? थापा! गुलबक्षीची एक फांदी भिंतीवरून मावशीच्या बाजूला झुकली होती. मावशीनं तिच्यासमोर स्टूल मांडलं आणि गुन्हेगारावर ठेवावी तशी दुपारपासून नजर ठेवली.

ऊन कललं. मिटलेल्या नळीची घडी सैल झाली, कड सुटली आणि बघता बघता फूल उघडं पडलं. मावशीनं वाकून बघितलं. वासही आला. बाई खरं बोलल्या होत्या.

तिला त्याचा रागच आला. त्याहून जास्त राग आला तो दुसऱ्या सकाळी, कपड्यांना साबण लावताना आपण गुलबक्षीचीच चाल गुणगुणतोय हे ध्यानात आल्यावर. छान होती मेली कविता, हे कबूल करणं भाग होतं. म्हणून काय झालं? मखमलही छान होती.

एके संध्याकाळी मात्र तिचा संयम सुटला. आज रंगेहाथ धरायचं. डबा काखोटीला मारून ती भिंतीपाशी गेली आणि चादर बाजूला सारणार, तोच तिला काकांचं बोलणं ऐकू आलं. आवाज ओला होता.

"आज पण नाही हो बाई. झिनियाची पाकळी काल तुमच्यासमोर खिशात घातली ना मी?"

"घातलीत की दादा. मी बघितलं."

"मला पण आठवतं. पण खिशात नाहीये. रोज असंच होतंय. पाकळी बघितली की कविता आठवेल, म्हणून तुम्ही युक्ती सांगितलीत, आणि मला पाकळी कुठे ठेवली तेच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, विसरण्याची सुरुवात आहे, आठवण हळूहळू जाईल. हळूहळू कसलं? सगळंच निघून चाललंय. परवा घराचा रस्ता गेला."

"वहिनींना सांगा आता."

"तिला? तिचे हात बघितलेत ना? आयुष्यभर लोकांनी लपवलेलं शोधलंय तिनं. मी काय काय विसरतो ते ती दिवसभर चाचपत बसेल, आणि रात्री रडेल. झिनियाची तेवढी पाठ होऊ दे. ती कविता तुमच्याकडून तिच्यासाठीच रचून घेतलीय. तिला एकदा म्हणून दाखवतो, मग सांगतो."

मावशीनं काखेतल्या डब्याकडे बघितलं. हा माणूस रोज खिसा चाचपत होता आणि रोज स्वतःच्याच डोक्यावरचा विश्वास थोडा थोडा गमावत होता. त्याची चोरी तिनं पकडली नव्हती, तिनंच त्याची चोरी केली होती.

भिंतीला वळसा घालून ती बाईंच्या फाटकातून आत गेली. काका ताडकन उभे राहिले. बाई बाजूला सरकल्या. मावशीनं डबा काकांच्या पुढ्यात उपडा केला. वाळलेल्या पाकळ्या, काळवंडलेल्या कळ्या, गुलबक्षीचा चुरा, सगळं अंगणातल्या टेबलावर पडलं.

"रोज ठेवत होतात तुम्ही," ती म्हणाली. "एक दिवस चुकला नाहीत. मीच काढत होते."

काका त्या ढिगावर वाकले. आता ओरडतील, म्हणून मावशी खाली मान घालून उभी राहिली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी ठेवली होती," काका म्हणाले. मग बाईंकडे वळून लहान मुलासारखे हसले. "ऐकलंत का? मी ठेवली होती! रोज!"

मावशीला रडू फुटलं. काकांनी ढिगातून झिनियाची एक पाकळी उचलली, उजेडात धरली आणि घसा साफ केला.

"झिनिया उभी भर उन्हात, मान ताठ अन् माती मनात..." ते अडखळले. पाकळी उलटीसुलटी केली. "तहान... तहान..."

"तहान लागली तरी न बोले," मावशी नाक पुसत म्हणाली, "पाणी मिळालं की नुसती डोले."

काका चकित झाले. "तुला गं कशी येते?"

"मला सगळ्या येतात," मावशी म्हणाली. "पुरावा म्हणून पाठ केल्या होत्या."

आता रोज संध्याकाळी काका शेजारी निघाले की मावशी त्यांना दारात अडवते. काका निमूटपणे हात वर करतात. खांद्यापासून सुरुवात करून तिचा हात खिशापाशी येतो, आत जातो, कालची पाकळी जागेवर आहे याची खात्री करतो. कधीमधी खिसा रिकामा असतो. काका खरंच ठेवायला विसरलेले असतात. अशा दिवशी मावशी आपल्या मुठीतली पाकळी खिशात सोडते आणि वर बघून म्हणते, "आहे हो. जा."